एका ‘ज्ञ’ची मंजुरी

विनीता मुळ्ये जबलपूरच्या रांझी भागातल्या एका शाळेत गणित शिकवते. मुलं तिच्या ओरडण्याला फारशी भीत नाहीत, भितात ती तिच्या सुस्काऱ्याला. फळ्याशी उभा राहिलेला कुणी अधिकाचं उणे करायला विसरला, की ती आधी खिडकीबाहेर बघते, मग लांबलचक सुस्कारा टाकते आणि म्हणते, “फिर से.” घरीही तिचं तेच. खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरच्या भिंती पातळ. शेजारच्या बाई सांगतात, मॅडमचा सुस्कारा आला की आम्ही आपला गॅस बंद आहे की नाही ते बघून येतो.

पण गेल्या वर्ष-दीड वर्षात तिनं जेवढे सुस्कारे टाकले, तेवढे वीस वर्षांच्या नोकरीत टाकले नसतील. त्याला कारण झालं एक अक्षर.

तिचे सासरे बापूसाहेब. मूळचे नागपूरचे, खमरियाच्या फॅक्टरीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. मुलगा श्रीकांतही त्याच फॅक्टरीत लागला. बापूसाहेबांची खरी ओळख मात्र फॅक्टरीतली नव्हती. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं आणि विंगेत पुस्तक घेऊन बापूसाहेब उभे असायचे. प्रॉम्प्टर. नट अडखळायच्या आधीच त्याच्या कानात शब्द पोचलेला असायचा. त्यांच्या तावडीतून चुकीचा उच्चार सुटला असं कधी झालं नाही.

मग काचबिंदूनं त्यांची नजर नेली. सासूबाई अनसूया आधीच गेल्या होत्या. दिवसभर खुर्चीत बसून म्हातारा माणूस करणार काय? नागपूरचा पेपर ऐकायचा, एवढीच त्यांची मागणी. तेव्हा शाळेतून आल्यावर विनीता मोबाइलवर पेपर उघडून त्यांना वाचून दाखवायला लागली.

विनीता जबलपूरची. शिक्षण सगळं हिंदीत. मराठी घरात बोलायची, शाळेत शिकलेली नाही. ती वाचायची, “राज्य विग्यान परिषदेच्या...”

“विग्यान नाही,” बापूसाहेब मध्येच म्हणायचे. “विज्ञान. द, न, य. जीभ दाताला लाव.”

“तेच तर म्हटलं मी, बाबा.”

“नाही म्हटलं. तू ग्य म्हणून राहिली.”

पुढच्या ओळीत ‘आग्या’ निघायची, त्याच्या पुढे ‘क्रुतग्य’. ती वाक्य संपवायच्या आत हे खुर्चीतून शब्द पुरवायचे, विंगेतून पुरवावेत तसे, कुजबुजत. दिवसभर साठ मुलांना दुरुस्त करून आलेल्या बाईला संध्याकाळी कुणीतरी दुरुस्त करावं, हे तिच्या पचनी पडेना. एक दिवस बापूसाहेब म्हणाले, “राहू दे विनीता. तू मराठीत हिंदी वाचून राहिली.” तिनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी शेजारी बहुधा गॅस दोनदा तपासला गेला असेल.

दिवाळीत मुलगी यशश्री बंगलोरहून आली. ती तिथे संगणकाच्याच कंपनीत आहे. आजोबांची आणि आईची ही रोजची जुगलबंदी ऐकून तिनं आपला जुना लॅपटॉप काढला आणि त्यावर ‘फिंचटॉक’ नावाचा प्रोग्राम बसवला. पडद्यावर जे लिहिलं असेल ते मोठ्यानं वाचणारा. जगभरातल्या लोकांनी फावल्या वेळात मिळून बनवलेला, कुणाच्या मालकीचा नाही, आणि त्यात चक्क मराठीही होती. सगळे बापूसाहेबांच्या खुर्चीभोवती जमले. यंत्र खाकरल्यासारखं झालं आणि एका बाईच्या सपाट आवाजात म्हणालं, “राज्य विग्यान परिषदेच्या...”

बापूसाहेबांनी मान तिरपी केली. “ही कोण? विनीताची बहीण?”

श्रीकांत हसला. यशश्री हसली. विनीता हसली नाही.

“बदल ते,” ती मुलीला म्हणाली.

“मम्मी, मैं क्या बदलूँ? मला तर माहीतच नाही ज्ञ कसं बोलतात ते. आजोबा बोलतात तसं मला जमत पण नाही.” यशश्री बॅग भरत होती. “ओपन सोर्स आहे ते. ज्याला चूक दिसली त्यानं दुरुस्त करायची. तूच कर ना. एक फाइल असते, त्यात नियम लिहिलेले असतात, हे अक्षर आलं तर हा आवाज काढ. तुझ्या गणितापेक्षा सोपं आहे.”

सोपं आहे हे शब्द विनीता आयुष्यात पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकून घेणार नाही.

आधी तिनं तक्रार नोंदवली. प्रकल्पाच्या पानावर जाऊन चांगल्या इंग्रजीत, मुद्देसूद, मराठीत ज्ञ कसा म्हणतात आणि हिंदीत कसा, ते लिहिलं. क्षणात उत्तर आलं. तिला वाटलं, वा, काय तत्पर लोक आहेत! उत्तर माणसाचं नव्हतं, बॉटचं होतं. तक्रारीचा साचा भरलेला नाही म्हणत होता. तिनं साचा भरला. तुमच्या यंत्राचा प्रकार? भरला. प्रोग्रामची आवृत्ती? शोधून भरली. काय घडायला हवं होतं आणि काय घडलं? हे तर तिनं आधीच लिहिलं होतं, पुन्हा लिहिलं.

मग प्रकल्प सांभाळणारा खराखुरा माणूस आला. नॉर्वेत राहणारा कुणी गृहस्थ. त्यानं सभ्यपणे लिहिलं, की या अक्षराचा उच्चार बरोबर असल्याचं हिंदी वापरणाऱ्यांनी पूर्वीच तपासलं आहे, कळवल्याबद्दल आभार. आणि खाली तक्रार बंद.

“अरे, पण हिंदीवाल्यांनी मराठी काहून तपासली?” विनीता लॅपटॉपला म्हणाली.

“काय म्हणतात?” खुर्चीतून बापूसाहेब.

“कोण?”

“ते तुझे नॉर्वेकर.”

तेव्हापासून घरात त्या माणसाचं नाव नॉर्वेकर पडलं. जणू दातार, किरकिरे, तसे हेही एक. मंडळात वर्गणी देत असतील.

एका रविवारी यशश्रीनं फोनवर बसून आईला ती नियमांची फाइल उघडायला शिकवली. मराठीची फाइल वेगळी होती खरी. तिच्यात अगदी वरती इंग्रजीत एक ओळ होती: ‘सध्या हिंदीवरून उतरवून घेतले आहे. मराठी जाणणाऱ्या कुणीतरी तपासावे.’ विनीतानं तारीख बघितली. यशश्री शाळेत होती तेव्हाची. इतक्या वर्षांत ती ओळ वाचून कुणी हललं नव्हतं, आणि बापूसाहेबांसारखे देशभरातले किती लोक ‘विग्यान’ ऐकत बसले होते कोण जाणे.

तिनं नियम बदलला. एकच ओळ. लॅपटॉप म्हणाला, “विज्ञान.” बापूसाहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणाला. “अच्छा,” ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

आता हा बदल प्रकल्पाकडे पाठवायचा, त्यांनी तपासायचा आणि मूळ प्रोग्राममध्ये घ्यायचा, की मग तो सगळ्यांना मिळतो. विनीतानं पाठवला. बॉट हजर. बदल पाठवणारीनं करारावर सही केलेली नाही. तिनं सही केली. सही एकीची आणि बदल दुसरीचा आहे, बॉट म्हणाला. लॅपटॉप यशश्रीचा होता, त्यामुळे बदलावर यशश्रीचं नाव लागलं होतं. ते निस्तरायला आणखी एक रविवार गेला. मग बदलाचं वर्णन फार लांब आहे, म्हणून परत. आखूड केलं. मग ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्तीची सुटली आहे, म्हणून परत.

“मी मुलांचे दोन मार्क कापते यासाठी,” ती श्रीकांतला म्हणाली. “पण पेपर फाडून तोंडावर नाही फेकत!”

“सोडून दे ना मग,” श्रीकांत म्हणाला. “काय अडलं आहे?”

“तुम्ही चूप बसा.”

सगळं नीट झाल्यावर शांतता पसरली. आठवडे गेले. थंडी पडली, शाळेत सहामाहीचे पेपर तपासून झाले. आणि मग एके दिवशी बॉटकडून निरोप आला, की या प्रस्तावावर बऱ्याच दिवसांत हालचाल नसल्यामुळे तो शिळा झाला आहे आणि लवकरच बंद करण्यात येईल.

विनीता ते वाचत उभीच राहिली. हालचाल कुणी करायची होती? तिनं का? तिनं खाली एकच वाक्य लिहिलं: मी जिवंत आहे आणि वाट बघते आहे.

नॉर्वेकर ओशाळले असावेत. त्यांनी लिहिलं, की ते हे काम नोकरी सांभाळून एकट्यानं करतात, घरात तान्हं बाळ आहे, क्षमा असावी. बदल चांगला आहे, पण मला मराठी येत नाही, तेव्हा उच्चाराचा पुरावा द्या. आणि मराठी जाणणाऱ्या आणखी कुणाचं तरी मत घ्यावं, म्हणून मी एका मराठी सभासदाला बोलावलं आहे.

ते सभासद म्हणजे पुण्याचे अंबरीश. त्यांनी पानभर लिहिलं. मूळ संस्कृतात हा उच्चार ज आणि ञ यांचा जोड आहे, त्यामुळे हिंदी आणि मराठी दोन्ही तत्त्वतः चूकच म्हणाव्या लागतील. मात्र मराठीत द्न्य रूढ आहे हे मान्य. तरी त्यातल्या द ची मात्रा किती धरावी यावर विचार व्हायला हवा. आणि शेवटी, प्रमाण मराठीचा नियम जबलपूरकडच्या बोलीवरून ठरवणं कितपत योग्य, याचाही.

हे वाचून विनीताला सुस्कारासुद्धा आला नाही. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि बापूसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

“लिही! मी सांगतो तसं लिही त्याला.”

“काही नाही लिहायचं, बाबा.”

“म्हणजे आम्ही इथे काय गोंडी बोलून राहिलो का?”

“पुरावा मागितला आहे, भांडण नाही. बसा.”

ते बसल्यावर तिला सुचलं, की पुरावा तर समोर खुर्चीत आहे. तिनं मोबाइल पुढे धरला आणि शब्द म्हणायला सांगितले. विज्ञान, आज्ञा, यज्ञ, कृतज्ञ. बापूसाहेबांनी म्हटले. तिनं पुन्हा वाजवून बघितलं तर काही ऐकूच येईना. त्यांनी सगळे कुजबुजत म्हटले होते.

“मोठ्यानं म्हणा ना, बाबा.”

“मोठ्यानं म्हटलं तर पहिल्या रांगेला ऐकू जातं.”

“इथे पहिली रांग कुठे आहे!”

त्यांना मोठ्यानं बोलतं करण्यात आख्खी दुपार गेली. मध्ये कुकरची शिट्टी आली, ते सगळं पुन्हा. मध्ये भंगारवाला ओरडत गेला, ते पुन्हा. शेवटी श्रीकांतनं दारं-खिडक्या लावल्या, फ्रिज बंद केला, आणि घसा साफ करून बापूसाहेबांनी शब्द म्हटले. खणखणीत, एकेक अक्षर सुटं आणि स्वच्छ.

अंबरीशचं उत्तर लगेच आलं, आणि आखूड आलं. “ऐकलं. माझी काही हरकत नाही. आवाज कोणाचा आहे? माझ्या आजोबांकडून असं ऐकलं होतं.” जबलपूरच्या बोलीबद्दल पुढे त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

आता तरी मंजूर व्हावं? नॉर्वेकरांचं एकच म्हणणं राहिलं. नियम मराठीच्या फाइलीत न ठेवता सगळ्या देवनागरी भाषांच्या सामाईक फाइलीत ठेवावा. लिपी एक, तर नियम एका जागी. विनीतानं लिहिलं, लिपी एक असली तरी उच्चार दोन आहेत. ते म्हणाले, हिंदीच्या फाइलीत हिंदीचा नियम आहेच, तो त्याच्यावर मात करील, काळजी नसावी. तिला ते पटलं नाही. पण वार्षिक परीक्षा तोंडावर होत्या, आणि तिला या गोष्टीचा इतका वीट आला होता की तिनं डोळे मिटून ती ओळ उचलली आणि ते म्हणाले तिथे नेऊन ठेवली. बदल मंजूर झाला. बॉटनं एक रंगीत फुगा पाठवला.

त्यानंतर बोर्डाच्या परीक्षांसाठी विनीताची ड्यूटी लागली ती कुंडमला. सकाळी जंगलातल्या रस्त्यानं जायचं, केंद्रावर पोचल्यावर मोबाइल पेटीत जमा करायचा, पेपर सुटल्यावर परत घ्यायचा. फिंचटॉकची नवी आवृत्ती त्याच दिवसांत निघाली. हिंदीचा पेपर होता त्या दिवशी तिनं दुपारी पेटीतून मोबाइल घेतला, तर तो हातात थांबेचना, नुसता थरथरत होता. निरोपावर निरोप.

हिंदीचा नियम सामाईक नियमावर मात करील, असं नॉर्वेकर म्हणाले होते. झालं उलटं. आवृत्ती बसवलेल्या तमाम हिंदीवाल्यांच्या संगणकावर त्या सकाळपासून ‘विद्न्यान’ चाललं होतं. लखनौ, पाटणा, इंदूर, सगळीकडून तक्रारी. सगळ्यांत वरची तक्रार हर्षा नावाच्या कुणा बाईची, हिंदीत होती: “किस ज्ञानी ने यह किया है? और हाँ, ‘ज्ञानी’ को भी यह अब ‘द्न्यानी’ बोल रहा है. मैं देख नहीं सकती. विभागीय परीक्षा की तैयारी इसी से करती हूँ. आज पूरा दफ़्तर मुझ पर हँसा है.”

बदल करणारीचं नाव त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. विनीता मुळ्ये, जबलपूर.

कुंडमला नेटवर्क झाडावरच्या माकडासारखं. क्षणात इथे, क्षणात नाही. केंद्राच्या आवारात महुआच्या झाडाखाली उभं राहून विनीतानं उत्तर लिहिलं, ते गेलं नाही. पुन्हा लिहिलं, अर्धं गेलं. त्या अर्ध्यात फक्त “ये मैंने किया है” एवढंच होतं. क्षमा मागितलेली होती ती उरलेल्या अर्ध्यात. घरी पोचेपर्यंत हर्षाचं पुढचं वाक्य येऊन पडलं होतं: “बड़े गर्व से बता रही हैं!”

आणि त्याच्याखाली नॉर्वेकर. त्यांनी घाईघाईनं बदल मागे घेतला होता. आख्खा. म्हणजे हिंदी सुधारली, आणि मराठी पुन्हा ‘विग्यान’वर येऊन बसली.

विनीतानं लॅपटॉप मिटला, त्याच्या पिशवीत घातला, आणि पिशवी कपाटावर नेऊन ठेवली. “झालं,” ती म्हणाली. “संपलं. मला कुणी या विषयावर बोलायचं नाही.” बापूसाहेब बरेच दिवस पेपरविना बसले. श्रीकांत वाचायला बसला होता एकदा. पहिल्या मथळ्यानंतर दोघांनीही ते थांबवलं.

फोन आला तो हर्षाचाच. विनीताच्या नावापुढे जबलपूर लिहिलं होतं, शाळेचा उल्लेख होता. हर्षानं शाळेत फोन लावून नंबर मिळवला होता. ती स्वतः एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. माणूस शोधून काढणं हेच तिचं काम.

“दीदी, मैं भी यहीं की हूँ. सराफा के पीछे रहती हूँ,” ती म्हणाली. “पहले बताइए, ये ‘द्न्य’ सच में कोई बोलता है, या आपने मज़ाक़ किया था?”

विनीतानं सुस्कारा टाकला. मग फोन बापूसाहेबांच्या हातात दिला.

त्या फोनवर काय बोलणं झालं ते पूर्ण तिला कळलं नाही. हर्षाचं हसणं तेवढं ऐकू आलं. पण पुढच्या रविवारी ती स्कूटी काढून सराफ्यात गेली, सोनारांच्या दुकानांमधल्या बोळातून वाट काढत हर्षाच्या घराचा जिना चढली. हर्षा तिशीची असेल. टेबलावर लॅपटॉप, पडदा काळा, तिला तो लागतच नाही. यंत्र इतक्या भरधाव बोलत होतं की विनीताला वाटलं बिघडलंय.

“ये समझ में आता है तुम्हें?”

“आपको नहीं आता?” हर्षाला नवल वाटलं. “ये तो मैंने आपके लिए धीमा किया है.”

त्या दोघी बसल्या आणि चूक शोधायला लागल्या. खरं तर शोधायचं काही नव्हतं. विनीता पहिल्या दिवसापासून सांगत होती तेच, एका ताटात दोघींना वाढू नका. सामाईक फाइल ज्ञ च्या बाबतीत मोडायची, हिंदीचं हिंदीत, मराठीचं मराठीत. विनीता ओळी लिहायची, हर्षा कानानं तपासायची. पडद्यावर विनीताला न दिसलेली जास्तीची मोकळी जागा हर्षाला ऐकू यायची. ती एकदा सापडली तेव्हा विनीतानं कपाळावर हात मारला आणि मग स्वतःशीच हसली. कित्येक महिन्यांनी.

प्रस्तावासोबतचं पत्र हर्षानं सांगितलं, विनीतानं इंग्रजीत उतरवलं. त्यात आडपडदा काही नव्हता. तुम्हाला आमच्या दोन्ही भाषा येत नाहीत, हा दोष नाही. पण येत नसताना तुम्ही ठरवता, आणि हसं आमचं होतं. यापुढे हिंदीला हर्षानं आणि मराठीला विनीतानं हो म्हटल्याशिवाय काहीही आत घेऊ नये.

विनीताला वाटलं, आता महिनाभर शांतता. मग बॉट. मग शिळं. नॉर्वेकरांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. “मान्य. हे मी आधीच विचारायला हवं होतं.” आणि खाली मंजुरी.

“बस? इतकंच?” विनीता म्हणाली. तिला जवळजवळ राग आला. इतक्या सोप्या गोष्टीला दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत वेळ लागावा!

पण ‘मराठीला विनीता’ याचा अर्थ काय होतो ते तिला पुढे कळलं. अंबरीशनी ताबडतोब च आणि ज चा प्रश्न काढला. चहातला च वेगळा आणि चाकातला वेगळा, हिंदीत तो भेद नाही, म्हणून यंत्र सगळीकडे चहातलाच लावतं. चिंच म्हणताना तर एकाच शब्दात दोन्ही येतात. त्याला सरळ नियम नाही, शब्द वेगवेगळे बघावे लागतात. अंबरीश पुण्याहून शब्द पाठवायचे, बापूसाहेब खुर्चीतून निकाल द्यायचे, आणि दोघांचं पटलं नाही तर मधल्या मध्ये विनीता. बापूसाहेब जबलपूरमधला ज जाळ्यातल्या ज सारखा म्हणतात, नागपुरी जिभेनं. विनीता आणि श्रीकांत जीवनातल्या ज सारखा. यावर घरात तीन दिवस भांडण चाललं. शेवटी विनीतानं आपला ठेवला.

“काहून? मी इथे तुझ्या आधी आलो,” बापूसाहेब म्हणाले.

“मी इथे जन्मले, बाबा.”

“बरं, तुझा राहू दे,” ते म्हणाले. तिच्या लग्नापासून हे पहिल्यांदाच घडलं.

पुढची आवृत्ती निघाली तेव्हा हर्षा मुद्दाम खमरियाला आली, बसनं, एकटी. हिंदी तिची बरोबर होती, परीक्षाही पास झाली होती. बापूसाहेबांच्या लॅपटॉपवर विनीतानं आवृत्ती बसवली. पेपर सुरू झाला. नागपूर महापालिकेची पाण्याची थकबाकी, विज्ञान प्रदर्शन, चौकातली चोरी. बापूसाहेब पाठ ताठ करून ऐकत राहिले. ओठ हलत होते, प्रत्येक शब्दाच्या किंचित पुढे, जुन्या सवयीनं. पण शब्द पुरवावा लागत नव्हता. पान संपलं तसे त्यांचे ओठ थांबले, आणि त्यांनी मिटलेल्या डोळ्यांवरून एकदा हात फिरवला.

“दादाजी, कैसा है?” हर्षानं विचारलं.

“ठीक,” ते म्हणाले. “आवाज जरा रडका आहे.”

विनीतानं श्रीकांतकडे बघितलं. श्रीकांतनं छताकडे.

आता रोज सकाळी सहा वाजता क्वार्टर जागं होतं ते नागपूरच्या बातम्यांनी. इयरफोन आणून दिला तर बापूसाहेबांनी तो परत केला; बातमी घरादारानं ऐकायची असते म्हणतात. त्यांना आताशा सगळं सगळ्यांच्या आधी माहीत असतं. श्रीकांतनं पेपर हातात घेतला, की हे मथळा सांगून मोकळे. शेजारच्या बाईंना मराठी येत नाही, पण विदर्भातल्या संत्र्यांचे भाव त्यांना पाठ झालेत.

“तूच केलंस हे,” श्रीकांत डबा भरताना म्हणतो.

“माझ्या एकटीचं नाही,” विनीता म्हणते, “नॉर्वेकरांचं पण आहे.” आणि पोळी तव्यावर टाकता टाकता तिचा हात थांबतो. बाहेर यंत्रानं काहीतरी ‘जरी’ म्हटलेलं असतं, साडीची जरी, आणि ज चुकीचा लागलेला असतो. ती ऐकते. स्कूल बस यायला थोडा वेळ असतो. पोळी करपायला लागते.

“बाबा,” ती ओरडते, “ते मागचं वाक्य परत लावा!”